औषधांमुळे यकृताला होणारी इजा एआयला आधी ओळखता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात एम.फार्म. करता आहात. औषधाच्या रेणूची रचना दिली की ते यकृताला घातक ठरेल की नाही हे सांगणारं मॉडेल तुम्ही बनवलंत आणि अचूकता ८९ टक्के आली. यावर प्रबंध करावा का, आणि अशा मॉडेलचा रुग्णाला खरंच उपयोग होतो का, हे तुम्हाला विचारायचं आहे. शिवाय तुमच्या काकांना टीबीची औषधं सुरू होऊन महिना झालाय, यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ६८ आलंय, आणि एका ॲपने 'धोका जास्त' असं दाखवल्यामुळे घरात औषधं थांबवायचं चाललंय.

काकांचं आधी सांगतो. औषधं स्वतःहून बंद करू नका. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध घेणाऱ्या १० ते २० टक्के लोकांचं एसजीपीटी सुरुवातीला थोडं वाढतं आणि त्यांतल्या बहुतेकांचं औषध चालू असतानाच खाली येतं. यकृत त्या औषधाशी जुळवून घेतं. औषधं थांबवायची रूढ मर्यादा अशी आहे: मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणं, पोटात दुखणं, कावीळ अशी लक्षणं असतील तर एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि लक्षणं नसतील तर पाचपटीहून जास्त. वरची मर्यादा ४० धरली तर हे आकडे १२० आणि २०० होतात. ६८ त्याच्या बरंच खाली आहे. मात्र त्याच रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) किती आहे ते बघा. ते वाढलेलं असेल, काकांना दारूची सवय असेल, किंवा हेपॅटायटिस बी-सी किंवा आधीचा यकृताचा आजार असेल, तर त्यांचे डॉक्टर याहून लवकर सावध होतील. म्हणून रिपोर्ट याच आठवड्यात त्यांना दाखवा आणि तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारून घ्या. वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी न्या. टीबीची औषधं अर्ध्यात सोडली तर औषधांना न जुमानणारा टीबी होण्याची भीती असते, आणि त्याचे उपचार जास्त लांबचे आणि जास्त त्रासाचे असतात.

आता त्या ॲपला काय दिसलं असेल याचा विचार करा. त्याला ६८ हा आकडा दिसला आणि चालू औषधांची नावं दिसली. ज्या नोंदींवर ते शिकलं, त्यांत 'एसजीपीटी वाढलं' याचा अर्थ 'इजा झाली' असा धरला असेल, तर निमूटपणे जुळवून घेणारं यकृत आणि निकामी व्हायला निघालेलं यकृत, दोन्ही त्याच्या लेखी एकच. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच दडलेलं आहे. मी औषधसुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. संशयित केसेस यकृततज्ज्ञांबरोबर बसून तपासणं हे माझं रोजचं काम आहे, मॉडेलं बनवणं त्याच्या मागून आलं. माझं ठाम मत असं की या विषयात अल्गोरिदम आपल्याला पुरेसे आहेत. कमतरता आहे ती 'हे या औषधामुळेच झालं' असं खात्रीने सांगणाऱ्या नोंदींची.

औषधांमुळे होणारी इजा दोन प्रकारची असते आणि दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या की गोंधळ सुरू होतो. पॅरासिटॅमॉल हे पहिल्या प्रकाराचं नमुनेदार उदाहरण. त्याचा थोडासा भाग यकृतात एनएपीक्यूआय नावाच्या विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातलं संरक्षक द्रव्य ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरू लागतात. हे मात्रेवर अवलंबून आहे, प्राण्यांतही दिसतं, आणि वेळेत एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं तर यकृत वाचतं. अशा गोष्टी मॉडेलला शिकवणं तुलनेने सोपं असतं.

दुसऱ्या प्रकारात तेच औषध, तीच मात्रा हजारो लोक बिनत्रास घेतात आणि एखाद्याच्याच यकृतावर ते उलटतं. कधी आठवड्यात, कधी सहा महिन्यांनी, कधी औषध संपल्यावरही. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट या प्रतिजैविकाची कावीळ अनेकदा कोर्स संपल्यावर येते आणि तोवर रुग्ण ती गोळी विसरलेलाही असतो. आइसलँडमध्ये सगळ्या लोकसंख्येवर नजर ठेवून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा इजेचं प्रमाण वर्षाला लाखामागे १९ निघालं. एकेका औषधाचं प्रमाण त्याहून कितीतरी कमी असतं.

आणि या इजेची अशी एकही रक्ततपासणी नाही जी 'औषधामुळे' असं सांगेल. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची आणि जे उरेल त्यावर निर्णय घ्यायचा, अशी निदानाची रीत आहे. त्यासाठी १९९३ पासून 'रुकाम' नावाची गुणपद्धत वापरतात: औषध सुरू केल्यापासून किती दिवसांनी त्रास झाला, बंद केल्यावर एसजीपीटी किती वेगाने उतरलं, सोबत दुसरी कोणती औषधं होती, विषाणूंच्या तपासण्या झाल्या का, तेच औषध पुन्हा दिल्यावर पुन्हा त्रास झाला का. त्याआधी इजेची जात ठरवतात. एसजीपीटी त्याच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे याला अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताचा प्रवाह अडला की वाढणारं विकर) किती पट आहे याने भागायचं. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर मार यकृताच्या पेशींवर, २ किंवा कमी आलं तर पित्ताच्या वहनावर, मधलं आलं तर मिश्र.

या पद्धतीत चूक कुठे शिरते याचं एक उदाहरण माझ्या मनात कायम असतं. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजेच्या राष्ट्रीय गटाने तज्ज्ञांनी तपासून घेतलेल्या ३१८ रुग्णांचं साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं. त्यांतल्या ९ जणांत हेपॅटायटिस ई च्या ताज्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. हेपॅटायटिस ई तिथे क्वचितच आढळतो, तरी ही स्थिती. आपल्याकडे तो पाण्यातून सर्रास पसरतो. २०१२ साली इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात कावीळ घेऊन आलेल्या, टीबीची औषधं चालू असलेल्या रुग्णाची हेपॅटायटिस ई ची तपासणी झाली नसेल, तर त्याची केस 'औषधामुळे' या रकान्यात गेली काय आणि न गेली काय, मॉडेलसाठी ती दिशाभूल करणारी नोंदच. म्हणून कुठलाही डेटा हातात आला की मी पहिला प्रश्न विचारतो: यातल्या किती रुग्णांची हेपॅटायटिस ए, बी, सी आणि ई या चारही विषाणूंसाठी तपासणी झाली होती?

आता तुमच्या ८९ टक्क्यांकडे वळू. तुम्ही बहुधा डीआयएलआयरँक वापरलं असणार. नव्या माणसाला सहज मिळणारी आणि नीट बनवलेली यादी तीच आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली ती प्रसिद्ध केली. त्यात १,०३६ औषधं आहेत: १९२ अत्यंत चिंतेची, २७८ कमी चिंतेची, ३१२ चिंता नसलेली आणि २५४ संदिग्ध. संदिग्ध वगळली तर ७८२ उरतात आणि त्यांतली ४७० घातक बाजूला पडतात. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक औषधाला 'घातक' म्हटलं तरी ६० टक्के अचूकता फुकट मिळते. ८९ कडे बघताना शून्यापासून मोजू नका, ६० पासून मोजा.

दुसरं, ही वर्गवारी करताना मुख्य आधार औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकाचा आहे. त्यात यकृताबद्दल कोणता इशारा किती कडक शब्दांत दिलाय हे पाहिलं आणि मग कार्यकारणाचा पुरावा तपासून औषधं गाळली. काम चोख आहे, पण तुमचं मॉडेल शेवटी ओळखतंय ते औषधावर छापला गेलेला इशारा. जुनं, लाखोंनी वापरलेलं औषध आणि दोन वर्षं बाजारात टिकलेलं औषध यांच्यावरचा इशारा सारख्या अनुभवातून आलेला नसतो.

तिसरं कारण सगळ्यांत जास्त फसवतं. औषधं एकेकटी जन्माला येत नाहीत, त्यांची कुळं असतात. स्टॅटिनं, ग्लिटाझोनं, फ्लुरोक्विनोलोनं, ॲझोल गटातली बुरशीनाशकं. तुम्ही औषधं यदृच्छेने ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटली असतील, तर कीटोकोनाझोल हे बुरशीनाशक इकडे आणि त्याचा भाऊबंद तिकडे असं होतं. मॉडेल कुळ ओळखतं आणि आपल्याला वाटतं त्याला विषाक्तता कळली. रेणूच्या मूळ सांगाड्यानुसार वाटणी करा, एक अख्खं कुळ एकाच बाजूला ठेवा, आणि मग बघा. माझ्या पाहण्यातली बरीच मॉडेलं अशा वाटणीनंतर सत्तरीच्या आसपास येतात. तुमचं तिथे आलं तर निराश होऊ नका. तो आकडा खरा असेल आणि प्रबंधात तोच लिहायचा.

याहून कडक परीक्षा हवी असेल तर जोड्या घ्या. ट्रोग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन. पार्किन्सनवरची टोल्कॅपोन आणि एन्टाकॅपोन. प्रतिजैविकांतली ट्रोव्हाफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन. प्रत्येक जोडीतलं पहिलं औषध यकृतामुळे बाजारातून गेलं किंवा कडक बंधनात अडकलं, दुसरं आजही दिलं जातं. ट्रोग्लिटाझोनची हकीकत जरा थांबून बघण्यासारखी आहे. मधुमेहावरच्या या औषधाला अमेरिकेत जानेवारी १९९७ मध्ये परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये ते त्याच वर्षी डिसेंबरात मागे घेतलं गेलं, अमेरिकेत मार्च २०००मध्ये. मंजुरीआधीच्या चाचण्यांतच १.९ टक्के रुग्णांचं एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर गेलं होतं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. पायोग्लिटाझोनचा गाभा तोच, तरी यकृताचं असं संकट त्याने आणलं नाही. फरक कुठे? ट्रोग्लिटाझोनला एक जास्तीचं कडं जोडलेलं आहे आणि त्यातून क्रियाशील क्विनोन तयार होऊ शकतं. त्याचा सल्फेट रूपातला चयापचित पदार्थ पित्तक्षार बाहेर टाकणारा पंप अडवतो. आणि मात्रा: ट्रोग्लिटाझोन दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम, पायोग्लिटाझोन १५ ते ४५.

ही मात्रेची गोष्ट तुमच्या मॉडेलमध्ये आहे का? नुसती रचना दिली तर नाही. एफडीएच्याच गटाने २०१३ साली दोन साध्या अटींचा नियम मांडला होता: दिवसाची मात्रा १०० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि चरबीत विरघळण्याची ओढ दाखवणारा लॉग-पी ३ किंवा जास्त, दोन्ही असतील तर यकृताला धोका बराच वाढतो. रेणूच्या रचनेचे बारीक तपशील नोंदणारे हजारो 'फिंगरप्रिंट' रकाने असलेल्या मॉडेलला या दोन रकान्यांच्या नियमाशी टक्कर द्यायला लावा. हरलं तर तो निष्कर्षही प्रसिद्ध करण्याच्या लायकीचा आहे.

प्राण्यांवरच्या चाचण्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. फियालुरिडीनचं नाव लक्षात ठेवा. हेपॅटायटिस बी वरचं हे औषध १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांना दिलं गेलं. सातांचं यकृत निकामी झालं, पाच दगावले, दोघं यकृतरोपणामुळे वाचले. उंदीर, कुत्रे, माकडं यांच्यात आधी असं काही दिसलं नव्हतं. पुढे कारण सापडलं: या औषधाला पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) नेणारं वाहक प्रथिन माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात असतं, उंदराच्या नसतं. त्यामुळे उंदरांचा कितीही डेटा मॉडेलला भरवला तरी हा धडा त्यात नसणार. म्हणून मानवी यकृतपेशी वाढवलेल्या छोट्या चिपांकडे आज आशेने पाहिलं जातंय. २०२२ साली ८७० चिपांवर २७ औषधं तपासलेला एक अभ्यास आला. त्यात घातक औषधांपैकी ८७ टक्के ओळखली गेली आणि निर्धोक औषधांपैकी एकालाही चुकून घातक ठरवलं नाही. औषधं २७च आहेत हे विसरू नका, पण दिशा योग्य आहे. पेशींच्या प्रतिमा, त्यांतली जनुकांची हालचाल, पित्तपंप किती अडतो याची मोजमापं हे खाद्य मॉडेलला मिळालं तर ते रचनेच्या पलीकडचं काही शिकेल.

गणिती प्रतिकृतींचा एक वेगळा प्रवाहही आहे. यकृताचं शरीरशास्त्र समीकरणांत मांडून औषध गेल्यावर काय होईल हे त्यात चालवून बघतात. फासिग्लिफाम हे मधुमेहावरचं औषध २०१३ च्या डिसेंबरात तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत यकृताच्या कारणाने थांबवलं गेलं. नंतर अशा प्रतिकृतीने पित्तक्षारांचं वहन आणि मायटोकॉन्ड्रिया यांच्यावरच्या परिणामांतून त्याची संगती लावून दाखवली. इथे मॉडेल 'का' हे सांगतं, आणि औषध बनवणाऱ्याला तेच हवं असतं.

आता रुग्णाकडे येऊ. औषध घातक आहे का, हा कंपनीचा आणि नियामकाचा प्रश्न. रुग्णाचा प्रश्न असतो, मला होईल का? इथे जनुकांची मदत थोडीच होते. फ्लुक्लॉक्सासिलिन या प्रतिजैविकाच्या इजेचा एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराशी फार घट्ट संबंध २००९ साली दिसला. धोका सुमारे ८० पट. तरीही तो जनुकप्रकार असलेल्या ५०० ते १,००० जणांत एखाद्यालाच इजा होते. फक्त त्या आधारावर औषध नाकारलं तर शेकडो लोकांचं चांगलं औषध काढून घ्यावं लागेल.

हा हिशेब प्रत्येक मॉडेलला लावायला हवा. समजा एखाद्या औषधाने १०,००० मध्ये एकाला इजा होते आणि तुमचं मॉडेल होणाऱ्यांतले ९० टक्के ओळखतं, न होणाऱ्यांतल्याही ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. एक लाख रुग्णांत इजा होणारे १०. त्यांतले ९ सापडले. आणि नाहक इशारा मिळालेले ९,९९९. असा इशारा डॉक्टर आठवडाभरात दुर्लक्षित करायला लागतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आता टीबीची औषधं घ्या. तिथे इजेचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २ ते २८ टक्के सांगितलंय. ५ धरू. १,००० रुग्णांत ५०. तेच मॉडेल ४५ पकडेल आणि ९५ जणांना नाहक इशारा देईल. दर तीन इशाऱ्यांतला जवळपास एक खरा. अशा इशाऱ्यावर दुसऱ्या आठवड्यात एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) करून घेणं अगदी परवडतं.

म्हणूनच मला वाटतं की या विषयात भारतात करण्याजोगं सर्वांत मोलाचं काम टीबीच्या औषधांवर आहे. देशातल्या १६ केंद्रांनी मिळून केलेल्या, २०२१ साली आलेल्या अभ्यासात औषधजन्य यकृतइजेचे १,२८८ रुग्ण होते आणि त्यांतल्या ४६.४ टक्क्यांच्या मागे टीबीची औषधं होती. पाश्चात्त्य डेटावर शिकलेल्या मॉडेलला या रुग्णाची ओळखच नसते. शिवाय इथे एक गोष्ट अशी मिळते जी इतरत्र फारशी मिळत नाही. इजा झाली की डॉक्टर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड थांबवतात, एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या दुपटीच्या खाली आलं की एकेक औषध क्रमाने पुन्हा सुरू करतात आणि दर वेळी तपासणी करतात. टीबी बरा करायचा तर दुसरा इलाजच नसतो. पण त्यामुळे नेमकं कोणतं औषध यकृताला सोसलं नाही हे अनेकदा स्पष्ट कळतं. तेच औषध पुन्हा दिल्यावर पुन्हा इजा होणं हा कार्यकारणाचा सगळ्यांत भक्कम पुरावा. हा पुरावा आज वॉर्डातल्या हस्तलिखित केसपेपरांत पडून आहे, आणि काही वर्षांनी ते कागद रद्दीत जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

एक अडचण उरतेच. गोळी एकत्रित असते: सुरुवातीच्या दोन महिन्यांत एकाच गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि एथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. रचनेवर चालणाऱ्या मॉडेलला एक रेणू लागतो. इथे चार एकत्र आहेत, आणि ते एकमेकांच्या चयापचयात ढवळाढवळ करतात. आयसोनियाझिड शरीरात किती वेगाने बदललं जातं हे एनएटी२ या जनुकावर ठरतं. हा वेग मंद असणाऱ्यांना धोका जास्त. त्यात कमी वजन, कुपोषण, दारू, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी.

काढे आणि चूर्णं ही याहून बिकट जागा. त्याच १,२८८ रुग्णांत दुसरा क्रमांक, १३.९ टक्के, पारंपरिक आणि पूरक औषधांचा होता. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या मुंबईतल्या सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये आला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीचं पृथक्करण केलेलं नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद बाजूला ठेवला तरी मॉडेलची अडचण स्पष्ट आहे: पुडीत नेमकं काय आणि किती होतं हे माहीत नसेल तर रचना कुणाची द्यायची? आणि त्याही आधी, ही माहिती केसपेपरवर येतच नाही. "कुठलं औषध चालू आहे?" असं विचारलं की रुग्ण "काही नाही" म्हणतो, कारण काढा हे त्याच्या लेखी औषध नसतं. म्हणून आम्ही एकेक नाव घेऊन विचारतो: काढा, चूर्ण, भस्म, वजन कमी करायची पावडर, जिममधली पावडर, मेडिकलवाल्याने दिलेली अंगदुखीची गोळी. निदानातला मोठा भाग या प्रश्नांत आहे.

मोठ्या भाषा-मॉडेलांचा इथे उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो त्यासाठी नाही. 'ट्रोग्लिटाझोन घातक आहे का' असं विचारून ते बरोबर उत्तर देतं म्हणून खूश होऊ नका. लिव्हरटॉक्स हा अमेरिकेचा मुक्त ज्ञानसंग्रह २०१२ पासून खुला आहे आणि तसल्या मजकुरावरच ही मॉडेलं वाढली आहेत. ज्या औषधाची कहाणी आधीच लिहून झाली त्यावर त्यांची परीक्षा घेणं म्हणजे पाठांतर तपासणं. रेणूची रचना सांकेतिक अक्षरांत दिली तरी ओळखीचं औषध ती ओळखतात. उपयोग होतो तो लांबलचक केसपेपरातून तारखा काढायला: कोणतं औषध कधी सुरू, कधी बंद, कोणत्या दिवशी एसजीपीटी किती. तिथेही अट एकच ठेवा, प्रत्येक तारखेसमोर मूळ कागदावरचं वाक्य दाखवलंच पाहिजे. रुकामचे गुण दिवसांच्या फरकावर बदलतात, आणि न लिहिलेली तारीख या मॉडेलने सफाईने भरून दिली तर अख्खी केस चुकीच्या रकान्यात जाते.

मग प्रबंध कशावर? तुमच्या हातात वर्षही पूर्ण नाही, आणि वॉर्डातल्या नोंदींसाठी नीतिसमितीची मंजुरी मिळवण्यात काही महिने जातील. म्हणून प्रबंधासाठी आहे तेच मॉडेल घ्या, पण परीक्षा बदला. सांगाड्यानुसार वाटणी, मात्रा आणि लॉग-पी हे दोन जादा रकाने, दोन अटींच्या साध्या नियमाशी तुलना, आणि वर सांगितलेल्या जोड्यांवर ते कुठे अडखळतं याचं सविस्तर विश्लेषण. पॅरासिटॅमॉलसारखी मात्रेवर अवलंबून असलेली औषधं वेगळी काढून निकाल पुन्हा मांडा. अचूकतेचा आकडा उतरेल, प्रबंध मात्र वाचण्यासारखा होईल.

आणि नीतिसमितीचा अर्ज आत्ताच करून ठेवा, कारण खरं काम पीएच.डी.त होईल किंवा तुमच्यामागून येणारी विद्यार्थिनी ते करेल. ओळख पुसलेल्या टीबीच्या केसेस; प्रत्येकाचं वजन, मात्रा, सुरुवातीचं एसजीपीटी आणि अल्ब्युमिन, दारू, चार विषाणूंच्या तपासण्या, सोबतची औषधं आणि काढे, औषधं थांबवल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची तारीख व क्रम. दोन डॉक्टरांनी एकमेकांचं न बघता रुकामचे गुण द्यायचे. त्यांचंच एकमत किती होतं ते आधी मोजा, कारण मॉडेल त्याच्या वर जाऊ शकत नाही. सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या सांख्यिकी पद्धतीने करा. आणि शहरातल्या रुग्णालयात शिकवलेलं मॉडेल नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या कमी वजनाच्या रुग्णांवर तपासल्याशिवाय ते कुणाच्या हातात देऊ नका.

तोवर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषध-दुष्परिणाम नोंदणी केंद्रात जाऊन बसायला लागा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या देखरेखीखाली अशी केंद्रं चालतात, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही दुष्परिणाम कळवू शकतात. तिथे आलेले यकृताच्या इजेचे फॉर्म एकेक करून वाचा. औषध सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, बिलिरुबिन, विषाणूंच्या तपासण्या हे रकाने कितींमध्ये भरलेले आहेत ते बघा. जिथे रिकामे दिसतील तिथे फोन करून ते भरून घ्यायची परवानगी केंद्रप्रमुखांकडे मागा. बहुतेक ठिकाणी हे करायला माणूस नसतो आणि तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.